चौदावं लेक्चर

"सर, तुमचा आवाज बंद आहे" हे वाक्य मी आयुष्यात माझ्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल. अमरावतीच्या एका जुन्या कॉलेजात मी तांत्रिक सहायक आहे. वर्गांतले प्रोजेक्टर, भिंतीवरचे मोठे टच पॅनल, माइक, कॅमेरे, ऑनलाइन तास, यांतलं काहीही अडलं की माझा फोन वाजतो. खरं सांगायचं तर यंत्रं फारशी बिघडत नाहीत. बिघडतात ते प्राध्यापक, आणि त्यांच्याशी फार जपून बोलावं लागतं, कारण त्यातल्या निम्म्यांनी मला शिकवलेलं आहे.

टाळेबंदीत सगळं बंद होतं त्या दिवसांत आमच्या इतिहासाच्या सरांनी पहिला ऑनलाइन तास मोबाईल कानाला लावून घेतला. पाऊण तास मुलांना पडद्यावर फक्त सरांचा कान दिसला. एकानंही सांगितलं नाही. नंतर मी एकाला विचारलं तर म्हणाला, "सरले कसं सांगाव, का तुमचा कानच दिसून राहिला म्हून?" राज्यशास्त्राचे सर त्याहून पक्के. ते ऑनलाइनही रोज हजेरी घेत. शंभर नावं पुकारत, प्रत्येक 'येस सर' येईपर्यंत थांबत, आणि शेवटचं नाव झालं की तास संपल्याचं जाहीर करत.

दसऱ्याची गंमत वेगळीच. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. शिपाईदादा मनापासून करतात, हळदकुंकू, नारळ आणि प्रत्येक पॅनलला झेंडूचा हार. आता या पॅनलच्या चौकटीतून डोळ्याला न दिसणारे किरण जातात. त्यात बोट आलं की पॅनलला कळतं, इथं कोणी लिहितंय. सुट्टीनंतर रसायनशास्त्राच्या वर्गातून फोन आला, "लवकर ये वं, पॅनलच्या आंगात आलं." जाऊन पाहते तर पॅनल आपलंआपणच रेघोट्या ओढतंय आणि सर हात जोडल्यासारखे उभे. खालच्या कोपऱ्यात झेंडूची एक पाकळी अडकली होती, ती चिमटीत धरून काढली. तेव्हापासून दर दसऱ्याला मी वर्गावर्गात सांगत फिरते, हार टेबलाला घाला, आणि दरवर्षी हार पॅनललाच असतो. या माणसांवर मी रोज चिडते, आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यांच्यापैकी कोणी "घरी जपून जाजो" म्हणालं की तो राग कुठे जातो कळत नाही.

या सगळ्यांत संख्याशास्त्राच्या मॅडमनी मला कधीच त्रास दिला नव्हता, कारण त्यांनी पॅनलला कधी हातच लावला नाही. पॅनलशेजारी फूटभर जुना फळा उरला होता, त्यावर त्या बारीक अक्षरात लिहीत. उंच, सडपातळ, खणखणीत आवाजाच्या. त्यांच्या विभागातली दुसरी जागा कित्येक वर्षं रिकामी होती, आणि त्या एप्रिलअखेर निवृत्त होणार होत्या. नवीन माणूस लगेच येणार नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पुढच्या सत्रात हा विषय शिकवायला कोणीच नव्हतं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम जायच्या आधी त्यांची तीस लेक्चरं रेकॉर्ड करून घे. पोट्ट्यांच्या हाती तेवढंच राहीन."

ग्रंथालयामागच्या खोलीत मी कॅमेरा लावला, दिवा लावला, मॅडमच्या पदराला माइक अडकवला आणि 'सुरू' म्हणाले. मॅडम कॅमेऱ्याकडे पाहत राहिल्या. ज्या बाईनं पस्तीस वर्षं शंभर पोरांना दबकावलं, तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"कोनाले सांगू?" त्या म्हणाल्या. "हा डोया तर लवतही नाई."

दुसऱ्या दिवशी मी युक्ती केली. त्यांच्याच वर्गाचा एक मोठा फोटो कॅमेऱ्याखाली चिकटवला. मॅडमनी जवळ जाऊन तो निरखून पाहिला. "हे सगये हासून राहिले. सांख्यिकी आयकताना कोनी हासते का? काढ तो." फोटो निघाला. मग त्यांनी एक खुर्ची ओढून कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला ठेवली. "तू बस अथी. मी तुले शिकवतो अन तुहा तो डबा पाहीन."

मी बसले. मॅडमना एक गोष्ट माहीत नव्हती. मी त्यांच्या वर्गात बसलेली होते. खिडकीकडची तिसरी ओळ, शेंदूरजनाघाटहून शिकायला आलेली, तेलाच्या दोन वेण्या घातलेली मुलगी. त्यांच्याच विषयात दोनदा नापास झाले, कॉलेज सोडलं, अकोल्याला हार्डवेअरचा कोर्स केला, तिथंच एका दुकानात चार वर्षं कॉम्प्युटर जोडले, आणि मग या कॉलेजात मागच्या दारानं परत आले. मॅडमनी मला ओळखलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

मॅडमची शिकवायची एक रीत होती. एक पायरी झाली की त्या थांबत, समोरचा चेहरा पाहत, आणि मान हलली की पुढे जात. मान हलली नाही तर तीच गोष्ट दुसऱ्या वाटेनं सांगत, नाहीतर तिसऱ्या. "तुह्या कपायावर आठी दिसते," असं म्हणून त्यांनी मला मध्यक चार वेळा समजावला. अकोल्याच्या बाजारातली ज्वारीची पोती, एसटी स्टँडवर उशिरा येणाऱ्या गाड्या, त्यांच्या पदरी उदाहरणांचा तुटवडा नव्हता. आणि नवल म्हणजे मला समजत होतं. विशीत ज्याला घाबरून पळाले ते सगळं इतकं साधं होतं, याचा मला एकीकडे आनंद व्हायचा आणि एकीकडे स्वतःचा राग यायचा.

चौदावं लेक्चर मार्चमधल्या एका सकाळी झालं. त्या दिवशी बारा वाजता लाईन, म्हणजे वीज, जाणार होती. शिवाय सभागृहात पाहुणे यायचे होते आणि तिथला माइक खरखरतोय म्हणून शिपाईदादा दोनदा दारात येऊन गेले होते. मॅडम मात्र निवांत होत्या. येताना त्यांनी एक कापडी पिशवी आणली होती, ती टेबलाखाली ठेवलेली. विषय होता, आकडे सरासरीपासून किती लांब पसरले आहेत ते कसं मोजायचं. पाच वस्तू असल्या की सरासरीसाठी पाचानं भागायचं, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. पण हा पसारा मोजायचा तर, नमुना पाचाचा असला तरी, चारानं भागायचं, असं सूत्र सांगतं. मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"पाच आहेत तर पाचानं का नाही भागायचं? एक कमी का केला? आलं लक्षात?"

मला अजिबात लक्षात आलं नव्हतं. कॉलेजातही मी नेमकी याच जागी हरवले होते. पण बाराला दहा मिनिटं कमी होती. मी मान हलवली. ती मान मला चांगली येते. घाईनं हलवायची नाही. एकदा सावकाश खाली न्यायची, क्षणभर थांबायचं, मग वर आणायची, आणि हातातल्या पेननं कागदावर काहीतरी लिहायचं. दुसऱ्या वर्षात मी ती पक्की केली होती.

मॅडमचा चेहरा फुलला. "छान. समजलं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या गणिताकडे वळल्या. लाईन जायच्या दोन मिनिटं आधी लेक्चर संपलं. निघताना त्यांनी टेबलाखालची पिशवी माझ्या हातात दिली. आत मृगाच्या बहाराची पाच संत्री होती. "हे तू घरी ने. तुले तसंच समजलं, आता याईचं काई काम नाई." मी सभागृहाकडे पळत गेले, माइकची वायर बदलली, आणि संत्री दोन दिवसांत खाऊन टाकली. गोड होती.

एप्रिलअखेर तिसावं लेक्चर झालं. निरोप समारंभात मॅडमना शाल दिली, भाषणं झाली, त्यात माझंही नाव घेतलं गेलं. मॅडम अकोल्याला मुलीकडे राहायला गेल्या. अपेक्षेप्रमाणे त्यांच्या जागी कोणी आलं नाही. जुलैपासून दुसऱ्या वर्षाची मुलं ती लेक्चरं कॉलेजच्या वेबसाइटवरच्या पानावर पाहू लागली, आणि मी रोज पाहत होते की किती जण पाहतात. मला फार बरं वाटायचं. मीच केलं होतं ना सगळं.

सप्टेंबरात चौदाव्या लेक्चरखाली एकानं लिहिलं, 'मॅडम, एक वजा का केला ते कृपया सांगा.' मग दुसऱ्यानं, मग आणखी काही जणांनी. उत्तर द्यायला मॅडम तिथं नव्हत्याच. मी इंटरनेटवर शोधून उत्तर लिहायला बसले. दोन संध्याकाळी गेल्या. जे वाचलं ते मलाच समजेना, तर दुसऱ्याला काय लिहिणार?

मग एक दिवस दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या खोलीत आली. मोर्शीहून रोज ये-जा करणारी, खांद्यावर जड बॅग. "ताई, रेकॉर्डिंगच्या टायमाले तुमी तथी व्हत्या नं?"

"होते. का?"

"चौदाव्यात मॅडम इकडे पाहून म्हनते, समजलं. अन पुढे जाते. आमी वर्गातल्या सगयाईनं चार-चार खेपा पाह्यलं. आमाले तर नाई समजलं. कोनाले समजलं ते सांगा नं, आमी त्याईले जाऊन इचारतो."

मी म्हटलं, पाहते. ती गेल्यावर दार लावलं आणि लेक्चर उघडलं. मॅडम विचारतात, "एक कमी का केला? आलं लक्षात?" आणि विचारता विचारता त्यांचा उजवा हात टेबलाखाली जातो. पिशवीचं तोंड उघडल्याची सळसळ माइकनं नीट टिपली होती. मग मॅडम माझ्याकडे पाहतात. हात तिथंच थांबतो. चेहरा फुलतो. हात रिकामाच वर येतो.

ती संत्री त्यांनी शिकवायला आणली होती. त्या पोरांना द्यायचं उत्तर त्या पिशवीत होतं, आणि माझी मान हलली म्हणून ते बाहेर आलंच नाही. वर मी ते सोलून खाल्लं. मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी लॅपटॉप मिटून टाकला. परीक्षेला साडेतीन आठवडे होते. मॅडमना फोनवरून 'परत एकदा रेकॉर्ड करू, आवाज नीट आला नाही' असं सांगता आलं असतं. आवाज नीट आला नाही हे खोटं आमच्या धंद्यात नेहमी चालतं. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

त्या आठवड्यात बाबांनी गावच्या बागेतून आंबिया बहाराची पहिली संत्री पाठवली होती, सालीवर अजून हिरवट झाक असलेली. रविवारी त्यातली पाच पिशवीत घातली, पाठीवर कॅमेऱ्याची बॅग अडकवली आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली.

मॅडम घरी एकट्याच होत्या. मुलगी-जावई लग्नाला गेलेले. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की माझं निम्मं धैर्य दारातच गळालं. "ये वं ये. उन्हाची आली. बस, चहा मांडतो." गॅसवर पातेलं ठेवून त्या मेथीची जुडी घेऊन समोर बसल्या. "कसे हायेत माहे लेक्चर? पाह्यतेत का पोट्टे?"

"पाहतात मॅडम. चौदाव्यात अडलेत."

"एक कमी केला तथी?" त्यांनी लगेच विचारलं. "पन तुले तर समजलं व्हतं. मी संत्रेही नाई काढले."

"मला समजलं नव्हतं."

मेथी निवडणारा हात थांबला. "तू मान हलवली व्हती."

"हलवली होती. लाईन जाणार होती, सभागृहात माइक लावायचा होता." एवढं बोलून मी थांबले, आणि मग वाटलं की हेही अर्धंच आहे. "मॅडम, मी तुमच्या वर्गात होते. खिडकीकडच्या तिसऱ्या ओळीत. तेव्हाही याच जागी मान हलवली होती. दोनदा नापास झाले."

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. ओळख पटते का ते पाहत असाव्यात, पण पटली नाही. त्या उठल्या आणि चहा उकळायच्या आतच गॅस बंद केला. माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रागावतील. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"पस्तीस वर्स मी मान पाहूनच पुढे गेली," त्या म्हणाल्या. "मले वाटे, मले चेहरे वाचता येते. याच्यात माहा हात कोनी धरनार नाई. मंग त्यातल्या किती जनाईनं..."

मी पोरांचं लेक्चर दुरुस्त करायला आले होते आणि या बाईची अख्खी नोकरी मोडून ठेवली होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"कावून हलवत व्हते पोट्टे मान?" त्यांनी न वळता विचारलं. "मले भेत व्हते का?"

"थोडं भेत होतो," मी म्हणाले. "पण त्यासाठी नाही. मान हलली की तुम्हाला इतका आनंद व्हायचा, मॅडम. तुमचा चेहरा फुलायचा. तो कोणालाच मोडवायचा नाही."

मग पदरानं तोंड पुसून त्या वळल्या. "काय येडे पोट्टे," असं हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मला पुन्हा वर्गातल्यासारखा वाटला. "पिशवीत काय आनलं? संत्रे नं? काढ. अन डबा लाव तुहा."

मी कॅमेरा लावला. मॅडमनी स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर घेतला आणि एकेक संत्रं तोलून वजन पाटीवर लिहिलं. एकशे बेचाळीस, एकशे एक्कावन्न, एकशे त्रेसष्ट, एकशे अडतीस, एकशे छप्पन्न. बेरीज बरोबर सातशे पन्नास भरली, सरासरी दीडशे. मॅडम खूश झाल्या, म्हणाल्या, देव पावला. मग प्रत्येक संत्रं सरासरीपेक्षा किती कमी-जास्त ते त्या सांगू लागल्या. पहिलं आठनं कमी. दुसरं एकानं जास्त. तिसरं तेरानं जास्त. चौथं बारानं कमी. पाचवं त्यांनी कढईखाली झाकलं आणि त्याचा आकडा पाटीवरून पुसला.

"सरासरीपासून जेवढं कमी तेवढंच जास्त असतं. सगळ्यांची बेरीज शून्य यायलाच पाहिजे. खरं ना?" कॅमेरा सुरू होता, म्हणून त्या आता वर्गातली भाषा बोलत होत्या. "आता सांग, कढईखालचं किती?"

मी बोटांवर हिशोब केला. जास्तीचे चौदा, कमीचे वीस. शून्य व्हायला सहा हवेत. "सहानं जास्त."

त्यांनी कढई उचलली. "पाटी पाहून सांगितलंस?"

"नाही. बाकीच्या चौघांवरून कळलं."

"मग या पाचव्यानं आपल्याला नवीन काय सांगितलं?"

"काहीच नाही."

"खरी बातमी किती जणांनी दिली?"

"चौघांनी." आणि मग मी एकदम म्हणाले, "म्हणून चारानं भागायचं?"

मॅडम उत्तर द्यायचं थांबून माझ्याकडे बारकाईनं पाहत होत्या. "आता समजलं तुला," त्या म्हणाल्या. "तुझी मान हललीच नाही."

आज आमच्या कॉलेजच्या त्या पानावर चौदाव्या लेक्चरच्या जागी हेच लेक्चर आहे. त्यात मॅडमची मेथीची जुडी दिसते, कढई दिसते, आणि माझा अडखळणारा आवाज ऐकू येतो. मोर्शीच्या मुलीनं खाली लिहिलं, 'समजलं. हे मधातून बोलते ती कोण आहे? तिले बाकीच्या लेक्चरलेही बसवा.'

पण ते नंतरचं. त्या रविवारी मी कॅमेरा आवरायला लागले तेव्हा मॅडमनी हात धरून मला खाली बसवलं. कपाटातून आपली जुनी वही काढली, तीस लेक्चरांची यादी उघडली, हातात पेन घेतलं.

"आता एकेक सांग. मान नोको हलवू, तोंडानं बोल. पयलं?"

"समजलं होतं."

"दुसरं?"

"समजलं."

असं तेरापर्यंत गेलं. चौदाव्यावर त्यांनी स्वतःच फुली मारली. सोळाव्यावर मी म्हणाले, "नाही समजलं, मॅडम." त्यांनी वर न पाहता फुली मारली. एकोणिसावं, नाही. विसावं, नाही. एकविसावं, नाही. ओळीनं तीन 'नाही' झाल्यावर एखादं 'हो' म्हणून टाकावं असा मोह झाला, पण मॅडम मुद्दाम माझ्याकडे पाहतच नव्हत्या. यादी संपली तेव्हा चौदावं धरून अकरा फुल्या झाल्या होत्या. मला वर पाहवेना.

"परीक्षेच्या आंधी तीन रविवार हायेत," त्या म्हणाल्या. "चौदावं तर आज झालं. दहा उरले, तीन रविवारात होतेत. येताना संत्रे आनजो." मग त्यांनी पेनचं टोक फुल्यांवरून एकदा फिरवून मोजदाद केली आणि खाली काहीतरी लिहून वही माझ्याकडे सरकवली.

तिथं लिहिलं होतं, तीसपैकी एकोणीस.

"पास हाये वं तू," मॅडम म्हणाल्या. "खिडकीकडची तिसरी ओय."

मला रडू आवरेना. मॅडम उठल्या आणि चहाखालचा गॅस पुन्हा लावला.